दान करा, पण फोटो कशाला?

संपादक साहेब, नाताळ आला की आमच्या बेळगाव-खानापूर भागात चर्चतर्फे ब्लँकेट, रेशन किट वाटतात, चांगलंच आहे, मी पण ख्रिस्ती आहे आणि द्यायलाच पाहिजे. पण किट हातात देऊन म्हातारीला मोबाईलकडे बघायला लावायचं आणि तोच फोटो स्टेटसला, हे बघवत नाही हो. येशूने स्पष्ट सांगितलंय, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये (बायबल, मत्तय 6). आणि मंदिराच्या दानपेटीत एका गरीब विधवेने टाकलेली दोन नाणी त्याने श्रीमंतांच्या दानापेक्षा मोठी मानली, कारण तिने उरलंसुरलं नाही, होतं ते सगळं टाकलं. 2019 च्या पुरात आमच्या गल्लीतल्या बायकांनी भाकऱ्या बांधून दिल्या, कुणी नाव लिहिलं नव्हतं. यंदा किट अंधार पडल्यावर घरपोच द्या, यादी पास्टरांकडेच राहू दे.

– एक वाचक, खानापूर