रक्त गोठण्याच्या तपासणीचा नमुना आइसपॅकवर नको

महोदय,

तालुक्याच्या गावांत कलेक्शन सेंटर आली, ही सोयच झाली. थायरॉइड, लिपिडचे नमुने तिथून पुण्या-मुंबईला बिनघोर जातात. पण हिमोफिलिया किंवा व्हॉन विलेब्रँड या रक्त नीट न गोठण्याच्या आजारांच्या तपासणीचे रक्तही त्याच डब्यात, त्याच आइसपॅकवर ठेवले जाते आणि रिपोर्ट तिथेच बिघडतो. प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा रक्ताचा द्रव) वेगळा न करता रक्त गार केले, की रक्त गोठवायला मदत करणारे व्हॉन विलेब्रँड प्रथिन आणि त्याच्यासोबत फॅक्टर आठ हे दुसरे प्रथिन खोटे कमी येते. धडधाकट मुलीच्या फाइलवर जन्मभराचा आजार लिहिला जातो.

हे रक्त १८ ते २४ अंशांत ठेवून ४ तासांत तपासायचे असते. तेवढ्यात पोचणार नसेल, तर सेंटरवरच ते सेंट्रिफ्यूज यंत्रात १५ मिनिटे १५०० जीवर फिरवावे (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर ते; आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, नव्हे, आरपीएमचा आकडा रोटरप्रमाणे बदलतो). वरचा प्लाझ्मा प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये घेऊन पुन्हा फिरवावा, तळाचा थोडा सोडून द्यावा, लगेच गोठवावा आणि ड्राय आइसमध्येच (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) पाठवावा. तपासणाऱ्यांनी तो ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये झटपट वितळवावा. फ्रिजमध्ये सावकाश वितळला तर तळाशी साका बसतो आणि फॅक्टर आठ त्यातच अडकतो.

दुसरी गफलत ट्यूब भरण्यात. निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारे ३.२ टक्के सोडियम सायट्रेट ०.३ मिली असेल, तर रक्त २.७ मिली हवे. रक्त कमी पडले की सायट्रेट जास्त होते, ते चाचणीत घातलेले कॅल्शियमही बांधून टाकते आणि एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) विनाकारण लांबते. बटरफ्लाय सुई (लांब नळी जोडलेली बारीक सुई) वापरताना तर हे हटकून होते, कारण नळीतली हवा पहिल्या ट्यूबमध्ये शिरते. म्हणून आधी एक फेकायची ट्यूब लावावी. लहान मुलाचे रक्त पुरेसे मिळणार नसेल तर छोटी ट्यूब घ्यावी. मोठी अर्धी भरून भागत नाही. भरल्यावर ट्यूब हलक्या हाताने तीन-चार वेळा उलटीसुलटी करावी, खळखळवू नये.

एवढे सगळे नीट होऊनही एपीटीटी नॉर्मल आली, म्हणून डॉक्टरांनी निर्धास्त होऊ नये. सौम्य हिमोफिलियात, म्हणजे फॅक्टर नॉर्मलच्या ५ ते ४० टक्के असताना, ती नॉर्मल येऊ शकते. फॅक्टर तेराच्या कमतरतेत तर पीटी (गोठण्याची वेळ मोजणारी दुसरी चाचणी) आणि एपीटीटी दोन्ही नॉर्मल असतात. बाळाच्या नाळेतून रक्त थांबत नसेल तर फॅक्टर तेराची तपासणी वेगळी मागवावी लागते.

अन्न व औषध, आरोग्य अशा खात्यांच्या परिपत्रकांची वाट न पाहता मोठ्या लॅबनी आजच दोन गोष्टी कराव्यात. नमुन्याच्या फॉर्मवर रक्त काढल्याची वेळ सक्तीची करावी आणि अर्धवट भरलेली किंवा गार झालेली ट्यूब न तपासता परत करावी. आणि ड्राय आइसची सोय नसलेल्या सेंटरने हा नमुना घेऊच नये, रुग्णालाच तपासणीच्या केंद्रावर पाठवावे.

– एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा