संत्र्याची वाट पूर्वेला जाते, तिकडेही बघा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात समृद्धी महामार्गावर जितकं छापून आलं, तितकं दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर आलं नसेल. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आता चर्चा वाढवण बंदराची आहे. विदर्भाला समुद्र जवळ येणार, असं आम्हाला सांगितलं जातं. येऊ द्या, त्याचा मला आनंदच आहे. पण वरुड, मोर्शी, शेंदूरजनाघाट, काटोल, नरखेड या पट्ट्यातल्या संत्र्याचं परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मुंबईच्या बाजूला नाही, ते बांगलादेशात आहे. त्याच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेबद्दल विदर्भात कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे पत्र.

मी वरुडचा हुंडेकरी, म्हणजे मालासाठी गाड्या लावून देणारा. वडिलांपासूनचा धंदा. घरची थोडी बाग आहे, पण पोट बिल्टीवर चालतं. आंबिया बहाराचा, म्हणजे पावसाळ्यानंतर तोडीला येणारा माल निघू लागला की आमच्या ऑफिसात दिवसरात्र फोन वाजतो: गाडी पाहिजे, भाडं काय, केव्हा लागेल. सोर्टिंग झालं, मेण चढलं, कॅरेट भरले, खाली तणस आणि वर ताडपत्री बांधली की गाडी निघते. नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर करत कोलकाता, पुढे बारासात, बनगाव आणि शेवटी पेट्रापोलची सीमा. पलीकडे बांगलादेशातलं बेनापोल. साडेबाराशे किलोमीटरच्या आसपासची ही वाट आमचे ड्रायव्हर डोळे मिटून सांगतील.

ही वाट आजची नाही आणि आडवाटही नाही. आशियाई महामार्गांचं जे जाळं कागदावर आहे, त्यातले ४३ आणि ४६ हे दोन मार्ग नागपुरातून जातात. ४३ आग्र्याहून दक्षिणेकडे उतरतो आणि ४६ धुळ्याकडून हावड्याकडे जातो. या जाळ्याचा आंतरराष्ट्रीय करार २००३ साली झाला. म्हणजे आमच्या तालुक्यातून निघालेली गाडी नागपूर सोडते तेव्हा ती आशियाई महामार्गावर असते. रस्ता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारला हे मी मान्य करतो. आपल्याकडे नागपूरहून पूर्वेला जाणाऱ्या याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती-अकोला दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, त्याची गिनेस बुकात नोंद आहे. रस्ते करता येतात, त्याबद्दल वाद नाही. आमचा माल सडतो तो रस्ता संपल्यावर.

बारासात ते बनगाव हा जेसोर रोड. दोन्ही बाजूंना शंभरी ओलांडलेली झाडं आणि मधोमध अरुंद रस्ता. झाडं तोडा असं मी म्हणणार नाही, बागायतदाराला ते शोभत नाही. पण त्या पट्ट्यात गाडी सरकते, पळत नाही. मग बनगावची रांग. २०२२ पासून पश्चिम बंगाल सरकारने ऑनलाइन नंबर लावायची सोय केली, तेव्हापासून गाडीचा मुक्काम कमी झाला, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. तरी सीमा ओलांडून आमची गाडी ढाक्याला जात नाही. बेनापोलच्या आवारात माल उतरतो आणि त्यांच्या गाडीत चढतो. वरुडला हाताने भरलेला कॅरेट तिथे पुन्हा उचलला जातो, पुन्हा आदळतो.

संत्रं कसं जातं ते शहरातल्या वाचकांनी पाहिलेलं नसतं. देठापाशी आधी नखाएवढा मऊ डाग येतो. दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरी बुरशी धरते, मग हिरवी पूड. ती पूड शेजारच्या फळावर बसली की खालचा कॅरेट गेला. रस गळून तणस भिजते, ताडपत्री उचलली की आंबूस वाफ तोंडावर येते. उभ्या गाडीत हवा खेळत नाही, त्यामुळे जे चालत्या गाडीत दोन दिवस तगलं असतं ते उभ्या गाडीत एका दुपारी बसतं.

मागच्या एका हंगामातली गोष्ट सांगतो. आमच्याकडून भरलेल्या एका गाडीच्या बिलावर वजन एक आणि झाडपाल्याच्या आरोग्याचं जे प्रमाणपत्र लागतं त्यावर दुसरं. फरक काही किलोंचा. दुरुस्तीचा कागद इकडून जायचा होता, इकडे शनिवार-रविवार लागला, तो पोहोचेपर्यंत तिकडे शुक्रवारची सुटी जवळ आली. ड्रायव्हर बिचारा रोज फोन करायचा. शेवटी म्हणाला, ‘भाऊ, मालानं पाणी सोडलं जी.’ निम्म्याच्या वर माल फेकावा लागला. व्यापाऱ्याने बाग धरताना इसार दिला होता, उरलेल्या पैशांतून त्याने नुकसान कापलं. बागवाले काका माझ्या ऑफिसात येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, ‘माह्या झाडावर तं माल चांगला होता.’ त्यांना काय उत्तर द्यावं? झाडावरचा माल चांगलाच होता. चूक एका कागदाची, आणि ती वरुडलाच दिसली असती तर दहा मिनिटांत दुरुस्त झाली असती.

संत्र्याचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा फक्त बांगलादेशच्या आयात शुल्कावर होते. ते शुल्क मोठंच आहे. २०१९ पासून २०२३ पर्यंत ते चौपटीहून जास्त वाढलं आणि आमच्या बागा बसल्या. राज्य सरकारने मग निम्म्या शुल्काइतकं अनुदान जाहीर केलं, त्यासाठी इथल्या लोकांनी भांडण केलं, मीही त्यात होतो. पण शुल्क हा त्यांच्या तिजोरीचा प्रश्न आहे. मे २०२२ मध्ये डॉलरची टंचाई आली तेव्हा त्यांनी फळांवर २० टक्के नियामक शुल्क लावलं, फळ ही त्यांच्या लेखी चैनीची वस्तू ठरली. आपण कितीही ओरडलो तरी तो निर्णय ढाक्यातच होणार. सीमेवर वाया जाणारा वेळ मात्र दोन्ही सरकारांच्या हातात आहे. तो वाचवायला कोणाचा डॉलर लागत नाही. आणि फळ ताजं पोहोचलं तर शुल्क भरूनही दोन पैसे सुटतात, सडलेल्या फळावर अनुदान घेऊन काय करायचं?

यासाठी करार नाहीत असंही नाही. भूतान, बांगलादेश, भारत आणि नेपाळ या चार देशांनी १५ जून २०१५ ला थिंपूत मोटार वाहन करारावर सह्या केल्या. एका देशाची गाडी दुसऱ्या देशात माल न उतरवता जावी, हा त्याचा गाभा. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलकात्याहून ढाकामार्गे आगरतळ्याला मालाच्या ट्रकची चाचणी झाली. २०१६ मध्ये ढाक्याहून दिल्लीला ट्रक आला. मी तेव्हा ती बातमी कापून ऑफिसच्या भिंतीवर चिकटवली होती, आपलीही गाडी अशी जाईल म्हणून. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने करार नाकारला, कारण लहान देशाला बाहेरच्या गाड्यांच्या गर्दीची भीती वाटली. ती भीती समजण्यासारखी आहे. उरलेल्या तिघांनी पुढे जायचं ठरवलं, बैठका झाल्या, मसुदे झाले. दशक उलटून गेलं आणि बेनापोलला आजही कॅरेट खाली उतरतात.

मधल्या काळात पलीकडची वाट मात्र सुधारली. २५ जून २०२२ ला पद्मा पूल सुरू झाला, ६.१५ किलोमीटरचा. आधी बेनापोलहून ढाक्याला जाणारा माल नदीकाठी फेरी बोटीसाठी खोळंबायचा. आता तो अडसर गेला. म्हणजे इकडे नागपूरपर्यंत रस्ता चांगला, तिकडे ढाक्यापर्यंत रस्ता चांगला, आणि मधला गेटच अरुंद. पेट्रापोलला आपण २०१६ मध्ये एकात्मिक तपासणी नाका बांधला, ऑक्टोबर २०२४ मध्ये मालाच्या गाड्यांसाठी मैत्री द्वार नावाचं नवं फाटक उघडलं. बांधकाम झालं, आता त्यातून नाशवंत माल कसा आणि किती वेळात जाईल हे ठरवायला हवं.

ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता बदलली आणि त्यानंतर दोन्ही देशांचे संबंध ताणले गेले. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशच्या मालाला आपल्या हद्दीतून तिसऱ्या देशात जाण्याची सवलत काढून घेतली. त्याच महिन्यात त्यांनी जमिनीवरच्या नाक्यांमधून भारतीय सूत घेणं बंद केलं. मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून घ्यायचं ठरवलं. परराष्ट्र धोरण मी कोणाला शिकवणार नाही. पण विदर्भाच्या माणसाने यातली एक गोष्ट नीट बघावी. सुताला जमिनीची दारं बंद झाली तेव्हा समुद्राचं दार उघडं होतं. खर्च वाढला, वेळ लागला, पण सूत गेलं. उद्या तशीच वेळ फळावर आली तर संत्र्याला दुसरं दार कुठे आहे?

ते दार पूर्व किनाऱ्यावर करता येतं. जून २०१५ मध्ये भारत आणि बांगलादेश यांच्यात किनारी जहाज वाहतुकीचा करार झाला. त्याआधी आपल्या पूर्व किनाऱ्यावरचा माल बांगलादेशातल्या चितगाव बंदराला जायला कोलंबो नाहीतर सिंगापूरचा वळसा घ्यायचा. करारानंतर मार्च २०१६ मध्ये चितगावहून निघालेलं पहिलं जहाज थेट आंध्रातल्या कृष्णपट्टणमला लागलं. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतीच्या सात देशांच्या संघटनेच्या शिखर परिषदेत सागरी वाहतूक सहकार्याचा करारही झाला. त्यात भारत आणि बांगलादेशाबरोबर थायलंड, म्यानमार, श्रीलंका, नेपाळ, भूतान आहेत. एकमेकांच्या जहाजांना आपल्या जहाजांसारखी वागणूक, कागदपत्रांना परस्पर मान्यता आणि जहाज वाहतुकीच्या समन्वयाची संयुक्त समिती, असं त्याचं स्वरूप आहे. ताणतणावाच्या त्या महिन्यातही हा कागद झाला, हे मला फार मोलाचं वाटतं.

विशाखापट्टणम आम्हाला दूर नाही. नागपूर-रायपूर तीनशेच्या आत, आणि रायपूर-विशाखापट्टणम हा सुमारे ४६५ किलोमीटरचा सहापदरी मार्ग होतो आहे. बेरीज केली तर समृद्धीहून फार जास्त अंतर नाही. थंड कंटेनरमध्ये सहा-सात अंशांवर ठेवलेलं संत्रं महिनाभर टिकतं. फेब्रुवारी २०२० मध्ये नागपुरी संत्री समुद्रमार्गे दुबईला गेली, म्हणजे जहाजात आमचं फळ तग धरतं. मग विशाखापट्टणम किंवा हल्दियाहून चितगाव, मोंगला या बांगलादेशच्या बंदरांना का नाही? सुरुवातीला माल कमी असेल, जहाजवाले नाक मुरडतील. म्हणूनच सुरुवात सरकारने करायची असते.

रेल्वेचंही तेच. जुलै २०२० मध्ये टाळेबंदीमुळे सीमेवरची रस्ते वाहतूक अडली तेव्हा आंध्रातल्या गुंटूरजवळच्या रेड्डीपालेमहून सुकी मिरची घेऊन खास पार्सल गाडी थेट बेनापोलला गेली. गुंटूरच्या मिरचीसाठी हे जमलं, कारण तिथल्या व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी रेल्वेकडे ते मागितलं. आमच्या स्टेशनचं नावच ‘वरुड ऑरेंज सिटी’ आहे. नावाच्या पाटीइतकाच मालाचा धक्काही तिथे नीट असावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आता मागणं. बिल, वजन, आरोग्य प्रमाणपत्र आणि सीमाशुल्काचं सील वरुड किंवा नागपुरातच व्हावं, आणि त्या सीलला सीमेपलीकडे मान्यता मिळावी. अडचण असेल तर ती इथेच कळेल, बनगावच्या रांगेत नाही. सीमेवर फळासाठी वेगळी रांग आणि तिला घड्याळाची मर्यादा हवी. गाडी थांबलीच तर तोवर माल उतरवून ठेवायला थंड शेड हवी. दोन्हीकडच्या सुट्यांचा मेळ घालून हंगामापुरतं वेळापत्रक ठरवता येईल, ऑक्टोबर ते मार्च एवढाच तर प्रश्न आहे. आणि बिमस्टेकची जी संयुक्त समिती बसेल तिच्यापुढे नाशवंत मालाचा विषय पहिल्याच बैठकीत जावा. त्यासाठी आपल्या खासदारांनी केंद्राच्या जहाज वाहतूक मंत्रालयाला लेखी विचारलं पाहिजे. अमरावती, वर्धा, रामटेक आणि नागपूर या चार मतदारसंघांच्या खासदारांनी मिळून पत्र दिलं तर त्याला वजन येईल. ते चौघे कोणत्या पक्षाचे आहेत याच्याशी संत्र्याला देणंघेणं नाही.

रस कारखाना काढा, देशातच विका, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. तेही करा. पण मोठ्या आकाराचं, खाण्याचं चांगलं फळ रसात घालायला कोणी बाग लावत नाही.

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे. येत्या आंबियाच्या हंगामात वरुडहून एखादी गाडी भरताना या आणि तिच्यासोबत बेनापोलपर्यंत जा. कुठे किती वेळ गेला, कोणत्या कागदावर कोणाची सही अडली, किती कॅरेट उतरताना फुटले, हे रोजच्या रोज छापा. गाडी, ड्रायव्हर आणि केबिनमधली जागा मी देतो.

आपला,
एक हुंडेकरी व संत्रा बागायतदार,
वरुड, जि. अमरावती