मतपेटीविना विद्यार्थी संघटना

महोदय,
विद्यार्थ्यांत डावे जास्त की उजवे, हे दिल्लीत निदान मतपेटीतून तरी कळते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात (जेएनयू) वर्षानुवर्षे डाव्या संघटनांचा वरचष्मा. तिथेही एप्रिल २०२५ मध्ये उजव्या विचारांच्या अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने (अभाविप) सहसचिवपद जिंकले. महाराष्ट्रात मात्र नव्वदच्या दशकात हिंसाचाराचे कारण देऊन निवडणुका बंद झाल्या आणि गुण पाहून प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद केली. २०१९ मध्ये त्या होणार म्हणता म्हणता विधानसभेच्या तोंडावर पुढे ढकलल्या गेल्या. विद्यापीठाच्या सिनेटच्या (अधिसभेच्या) पदवीधर गटासाठी मात्र युवासेना आणि अभाविप हिरिरीने लढतात. म्हणजे मत द्यायचे, तर आधी पदवी मिळवा!

पैसा आणि दांडगाईची भीती खोटी नाही. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगदोह समितीने प्रति उमेदवार खर्चाला ५००० रुपयांची मर्यादा सुचवूनही २०२४ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या भिंती पोस्टरांनी इतक्या विद्रूप झाल्या, की उच्च न्यायालयाने मतमोजणीच रोखली. साफसफाईनंतर निकाल लागला. अशी शिस्त इथेही लावता येईल. सरकारने पुढच्या शैक्षणिक वर्षाचे निवडणूक वेळापत्रक आताच जाहीर करावे.

– एक निवृत्त प्राध्यापक, सातारा