मट्टांचेरीला जाऊन ये

वेंगुर्ले

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, कोची म्हणजे काक्कनाडचे टॉवर, ऑफिसची बस आणि पाऊस, बाकी या शहरात बघण्यासारखं काही नाही. ते ऐकून मला वाईट वाटलं. नौदलात असताना माझी उमेदीची वर्षं त्या शहरात गेली. तुझं मत असं घाईत बनू नये म्हणून हे पत्र.

पुढच्या रविवारी काक्कनाडहून वायटिलाला वॉटर मेट्रोने जा, तिथून मेट्रोने एर्नाकुलम, आणि हायकोर्टच्या धक्क्यावरून फोर्ट कोचीची बोट धर. वाटेत वेलिंग्डन बेट दिसेल. १९२०च्या दशकात रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरने बंदराच्या तोंडावरचा वाळूचा बांध फोडला, खाडी खोल केली, आणि उपसलेल्या गाळातून ते बेट उभं केलं. उतरल्यावर मासे पकडायची चिनी जाळी बघ. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला, त्याला आधी पुरलं ते चर्चही जवळच आहे. पण तिथं दिवस घालवू नकोस. सगळे प्रवासी तिथूनच परत फिरतात आणि खरं गाव राहून जातं. तू मट्टांचेरीची वाट धर.

आधी चेरळाईला जा. गोव्यात पोर्तुगीजांचा जाच वाढला तेव्हा, सोळाव्या शतकात, गौड सारस्वत कुटुंबं किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरली आणि कोचीच्या राजाच्या आश्रयाला आली. तिरुमल देवस्वम या त्यांच्या देवळाच्या आसपास त्यांची वस्ती अजून आहे. मी तिथं भाजीला जायचो. मी आपल्या मालवणीत विचारायचो, भाजीवाली तिच्या कोंकणीत सांगायची, मधूनमधून मल्याळम शब्द यायचे, पण दोघांनाही सगळं कळायचं. वेंगुर्ल्यापासून इतक्या लांब, चारशे वर्षांनंतर! तेव्हा जो आनंद व्हायचा, तो मला अजून नीट सांगता येत नाही.

याच लोकांची एक गोष्ट तुला ठाऊक असावी असं मला फार वाटतं. १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतली. त्यांचा अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ तयार करवला, 'हॉर्टस मलबारिकस'. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला त्याचे १२ खंड छापले गेले. त्यातली माहिती आली कुठून? इट्टी अच्युतन हा एळवा समाजातला वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य. अच्युतनकडे घराण्यात चालत आलेली हस्तलिखितं होती, या तिघांकडे त्यांचे निघंटू, म्हणजे औषधी वनस्पतींचे कोश. वैद्य सांगायचे, दुभाषा पोर्तुगीजमध्ये मांडायचा, मग त्याचं लॅटिन व्हायचं. एक इटालियन पाद्रीही या कामात होता. चित्रांवर वनस्पतीची नावं रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी लिपीत कोरलेली आहेत. पहिल्या खंडात त्या तीन वैद्यांचं निवेदन नागरीत छापलेलं आहे. १६७८ साल, म्हणजे इकडे रायगडावर शिवाजी महाराज होते! मी त्या पानाची नक्कल पहिल्यांदा पाहिली तेव्हा एकेक अक्षर लावत बसलो होतो. जाती, धर्म, देश सगळे वेगळे असलेली ही माणसं झाडपाल्याच्या कामासाठी एकत्र बसली आणि सांगणाऱ्यांची नावं ग्रंथात राहिली. त्या काळी असं क्वचितच व्हायचं.

पण या शहरात सगळे कायम गुण्यागोविंदाने राहिले, असं कोणी सांगितलं तर त्यावर थांबू नकोस. मला ते वर्णन अर्धवट वाटतं. ज्या कोंकणी लोकांना राजाने आसरा दिला, त्यांच्याच व्यापाऱ्यांवर अठराव्या शतकाच्या शेवटी शक्तन तंपुरान राजाची वक्रदृष्टी वळली. माणसं मारली गेली, आणि उरलेले लोक देवाची मूर्ती घेऊन आलप्पुळाला पळाले. १६५३ मध्ये याच मट्टांचेरीत हजारो मलबारी ख्रिस्ती पोर्तुगीज पाद्र्यांविरुद्ध शपथ घ्यायला जमले होते. क्रूसाला हात पुरेनात, म्हणून त्याला दोर बांधले आणि लोकांनी ते दोर धरून शपथ घेतली.

ज्यू टाऊनमधलं 'परदेशी सिनेगॉग', म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५६८चं आहे. ते शुक्रवारी-शनिवारी बंद असतं, तुझा रविवार बरोबर आहे. चपला काढून आत जावं लागतं. चीनमधून आणलेल्या हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा पायाखाली असतात. त्या बघच, पण त्या फरशीवर कोणाला बसावं लागत होतं तेही लक्षात ठेव. ज्यांचे पूर्वज कधीकाळी गुलाम होते, अशा ज्यूंना इथं बाकावर बसायची मुभा नव्हती. त्यांनी मागे जमिनीवर नाहीतर पायरीवर बसायचं. त्यांच्यातलाच ए. बी. सालेम मद्रासला शिकून वकील झाला, काँग्रेसच्या लाहोर अधिवेशनाला जाऊन आला, आणि गांधीजींचा सत्याग्रह त्याने थेट आपल्या प्रार्थनास्थळात आणला. वर्षानुवर्षं चिकाटी धरली तेव्हा कुठे ती बंधनं हळूहळू सैल झाली. आपल्याच माणसांविरुद्ध उभं राहणं परक्यांशी लढण्यापेक्षा कठीण असतं, म्हणून मला तो माणूस फार मोठा वाटतो. पुढे इस्रायल झाल्यावर बहुतेक ज्यू कुटुंबं निघून गेली. सालेम राहिला, तिथेच वारला. गल्लीतल्या रस्त्याला आज त्याचं नाव आहे.

जवळच मंगाट्टुमुक्कला काप्पिरी मुत्तप्पन या दैवताचं छोटं ठाणं आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना, डच चालून आले तेव्हा, खजिन्याच्या राखणीसाठी मारून भिंतीत गाडलं, अशी तिथली समजूत आहे. लोक तिथं चिरूट ठेवतात, दारू ठेवतात, आणि हे सगळ्या धर्मांचे लोक करतात. आपल्याकडच्या राखणदारासारखंच. तिथं नमस्कार कर. त्या गुलामांची नावं कुठल्याच ग्रंथात आलेली नाहीत.

दमली नसशील तर येताना वेलीच्या धोबीखान्यात डोकाव. डच सैनिकांचे कपडे धुवायला आणलेल्या तमिळ वण्णार लोकांचे वंशज अजून तिथं काम करतात. काथ्याचे दोन पदरी पीळ दिलेले दोर ताणलेले असतात. त्या पिळात कपड्याचं टोक सरकवलं की चिमटा न लावता कपडा वाऱ्यात टिकतो. फोटो काढण्याआधी विचार, ते कामात असतात.

आणि मल्याळम शिकायला लाग. ऑफिसात इंग्रजीवर भागतं हे मला माहीत आहे, पण चहावाल्याशी, रिक्षावाल्याशी तुटकं का होईना बोल. मी तसाच शिकलो, आणि त्यानंतरच मला लोकांनी जेवायला घरी बोलावलं.

गणपती झाले की मी आणि आई येतो. आईला चेरळाईचे पापड आणायचे आहेत आणि मला तुझ्याबरोबर मट्टांचेरी फिरायची आहे. रजेचं तेवढं आधी बघून ठेव. पार्सलमध्ये कुळथाची पिठी आणि सोलं आहेत. सोलं दमट हवेत बाहेर ठेवू नकोस, बरणीत घट्ट भरून ठेव.

तुझा,
बाबा