बाळंतिणीच्या खोलीतला गॅस हीटर

सोलापूर,
८ जानेवारी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

नातीचा फोटो मिळाला. जावळ काय दाट आहे रे! घरात सगळ्यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेऊन पाहिला. ही म्हणते, नाक थेट वहिनींचं. माझं लक्ष मात्र बाळाच्या मागे गेलं आणि तिथेच अडकलं. कोपऱ्यात चाकांचा गॅस हीटर, त्याच्या तिन्ही जाळ्या लालभडक, पुढ्यातल्या खुर्चीवर दुपटी आणि लंगोट वाळत घातलेले, आणि खिडकीच्या फटींना चिकटपट्टी. म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो हो, बघतो" म्हणतोस आणि द्राक्षांच्या भावावर येतोस.

निफाडची थंडी मी अनुभवली आहे. आपल्या सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत एक चादर पुरते, तुमच्याकडे पहाटे बागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्यात लेक ओली बाळंतीण. खोली उबदार राहावी म्हणून बापाचा जीव तुटणारच. माझाही असाच तुटला होता.

तुला ती गोष्ट मी पुरती कधी सांगितली नाही. थोरल्याच्या वेळी आम्ही साखर पेठेत दोन खोल्यांत होतो. हिला आई नाही, त्यामुळे बाळंतपण आमच्याकडेच. आईने बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली, ओवा टाकून धुरी दिली. वारा लागू नये म्हणून मीच खिडकीवर चादर ठोकली, दाराखाली पोतं कोंबलं. थोड्या वेळाने धूर विरला, निखारे छान फुलले, कसला वासही राहिला नाही. आम्ही निर्धास्त झोपलो. पहाटे हिचं डोकं ठणकायला लागलं, दोनदा ओकली. माझंही डोकं जड होतं. जागरणाचं पित्त असेल, असं आई म्हणाली. मी बाळाला उचललं. त्याच्या तळव्याला बोट लावलं की तो मूठ घट्ट आवळायचा. त्या पहाटे बोट ठेवलं आणि मूठ वळलीच नाही. एवढीशी बोटं माझ्या बोटावर नुसती पडून राहिली. माझी हाक ऐकून शेजारच्या अक्का धावत आल्या. त्यांनी काही न विचारता आधी पोतं ओढलं आणि दार सताड उघडलं. दवाखान्यात प्राणवायू लावला. सकाळ बरीच वर आल्यावर त्याने माझं बोट धरलं. आज तो दोन पोरांचा बाप आहे, पण शेगडी पाहिली की माझ्या बोटाला ते अजून जाणवतं.

तो कार्बन मोनॉक्साइड होता. जळायला हवा कमी पडली की तयार होतो. रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. तुला वाटेल, गॅसला तर वास येतो. तो टाकीतला गॅस गळाला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा वास. हीटरमध्ये जळून जे बाहेर पडतं, त्याला तो नसतो.

तुझा हीटर शेगडीपेक्षा पुष्कळ स्वच्छ जळतो, हे मान्य. पण त्याला धुराडं नाही. खोलीतलीच हवा तो खातो आणि जळलेलं तिथेच सोडतो. तिन्ही जाळ्या लावल्या की असे हीटर साधारण तासाला तीनशे ग्रॅम गॅस जाळतात, आणि किलोभर गॅसला बारा घनमीटरच्या आसपास हवा लागते. खोली केवढी आहे ते तूच मोज. तू लिहिलंस की अधूनमधून तो आपोआप विझतो आणि जावई बटण दाबून धरून परत पेटवतात. दत्ता, तो बिघाड असेलच असं नाही. हवेत प्राणवायू एकवीस टक्के असतो, तो अठराच्या जवळ उतरला की विझायचं, असा सेन्सर या हीटरांत बसवलेला असतो. खोली घुसमटली आहे, हेच तो सांगत असेल. आधी दार-खिडकी उघडा, बाळ-बाळंतिणीला बाहेर आणा. आणि त्या सेन्सरवर विसंबूही नकोस, तो कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. त्याचा वेगळा अलार्म मिळतो, तो मागवच.

माझं ऐकशील तर तो हीटर बाळाच्या खोलीत नकोच. बाळ आपल्यापेक्षा भरभर श्वास घेतं, त्यामुळे त्याला आधी बाधतं. खोली गरम करायचीच तर दोघी दुसऱ्या खोलीत असताना, खिडकी चार बोटं उघडी ठेवून, कुणीतरी जागं समोर बसून. मग टाकीवरून बंद करून हीटर बाहेर आणायचा, जरा वारा खेळू द्यायचा आणि मग दोघींना आत न्यायचं. रात्री झोपेत चालू ठेवायचा नाही, मंद करूनसुद्धा नाही. कुणाचं डोकं दुखलं, मळमळलं आणि अंगणात आल्यावर बरं वाटलं, तर पित्त म्हणून सोडून देऊ नकोस, सगळ्यांना घेऊन दवाखाना गाठ.

ती खुर्ची आजच हलव. कपडे, पडदा, गादी, सगळं निदान मीटरभर लांब. मालिशच्या तेलाची वाटीही.

आणखी एक. हीटरच्या पुस्तिकेत प्रोपेन लिहिलंय म्हणतोस. आपल्या घरच्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन मिसळलेले असतात. तेव्हा हा हीटर त्यावर चालवायचा का, रेग्युलेटर कोणता, हे जाणकार मेकॅनिकला दाखवून घे. नळी जुनी असेल तर बदल. जोडावर साबणाचं पाणी लाव, बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून बघायचं नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, आणि तुमच्याकडे आबा खालीच अंथरूण घालतात. वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात लावायचा नाही. रेग्युलेटर बंद, दारं उघडी, सगळे बाहेर, आणि बाहेरून १९०६ ला फोन.

उबेचं म्हणशील, तर तेल भरलेला विजेचा रेडिएटर बघ, त्यात काही जळत नाही. आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दोघींवर पांघरूण, अशी ऊब कुठल्याच यंत्रात नाही. मात्र तेव्हा आईने जागं असायला हवं, आणि बाळाचं तोंड उघडं. त्यासाठी दोन चादरी पाठवतोय, अशोक चौकातून घेतल्या. एक लेकीला, एक वहिनींना. सोबत हिने शेंगाचटणी दिली आहे, पण बाळंतिणीला तिखट देऊ नका, ती तुझी.

आबांना नमस्कार. पत्र पोचलं की चिकटपट्टी काढलेल्या खिडकीचा फोटो पाठव. नातीचाही पाठव, मूठ आवळलेला.

तुझा,
विजय