विजेवरची व्याख्यानमाला आपल्या गावात, आपल्या भाषेत : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माडाची झावळी तारांवर पडली आणि गावात दोन दिवस वीज नव्हती. वाचनालयात मेणबत्ती लावून आम्ही सात-आठ जण पेपर वाचत बसलो होतो. तेवढ्यात एका आजींनी विचारले, "तमनार, तमनार म्हणटात तें खंय आसा रे?" बसलेल्यांत दोन शिक्षक होते, एक वकील होते. २०२० मध्ये गोव्यातल्या मोलेच्या जंगलासाठी लोक रस्त्यावर आले, तेव्हा आमच्यातले काही जण हातात फलक घेऊन उभे होते. तरीही तमनार हे छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यातले गाव आहे, हे त्या संध्याकाळी आजींना कुणालाच सांगता आले नाही. मोलेच्या रानातून जाणाऱ्या ज्या तमनार वीजवाहिनीविरुद्ध आपण भांडलो, तिचे नाव कुठून आले हेही आपल्याला माहीत नव्हते. ती बोच अजून गेलेली नाही, आणि ही व्याख्यानमाला त्यातूनच उभी राहते आहे.

ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात कुणीही जाऊन ऐकावीत अशी व्याख्याने होत असतात. ऊर्जेवरच्या एका व्याख्यानाला आमच्यातले चौघे गेले. विषय मोलाचा होता, पण सगळे इंग्रजीत. शिवाय संपायला उशीर झाल्यामुळे शेवटची बस चुकली आणि भाड्याची गाडी करून परतावे लागले. येताना गाडीत बोलणे एकच : आपण चौघे आलो, गावातल्या चारशेंनी काय करायचे? दुसऱ्या दिवशी आम्ही त्या प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही बोलवा, मी मराठीत बोलेन. कोकणीत विचारलेत तर कोकणीत उत्तर देईन." त्यांच्यामुळे आणखी पाच जण तयार झाले. मानधन कुणीही मागितलेले नाही.

गोव्यात ऊर्जेवर बोलले जात नाही असे मुळीच नाही. जुलै २०२३ मध्ये जी-२० देशांच्या ऊर्जामंत्र्यांची बैठक गोव्यातच झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेतूलला भारत ऊर्जा सप्ताह भरला आणि जगभरातून तज्ज्ञ आले. राज्य सरकारने २०५० पर्यंत पूर्णपणे नवीकरणीय ऊर्जेवर जाण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. हे सगळे आपल्या अंगणात घडते, आपल्यासाठी घडते, मात्र आपल्याला समजेल अशा शब्दांत ते कुणी सांगत नाही. वीजदरावर सुनावणी होते तेव्हा कोणत्याही ग्राहकाला तिथे आपले म्हणणे मांडता येते, हेसुद्धा गावात फारच थोड्यांना ठाऊक आहे. शेकडो पानांची इंग्रजी कागदपत्रे बघितल्यावर तिथे उभे राहायचा धीर तरी कुणाला होणार?

काय ऐकायला मिळेल याची थोडी कल्पना द्यावीशी वाटते, कारण कशासाठी पैसे देतो आहोत ते देणाऱ्याला कळले पाहिजे.

गोव्याच्या भूमीवर मोठे वीजकेंद्र नाही. आपली वीज कोल्हापूरच्या बाजूने आणि कर्नाटकातून घाट उतरून येते, आणि देशात ती बहुतांश कोळशावर तयार होते. एक युनिट विजेसाठी साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो. महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घरासाठी दूर कुठेतरी दोन क्विंटल कोळसा जळत असतो. बिलावर हे छापलेले नसते. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा आपल्याच विजेसाठी येतो असे गावात पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो मुख्यतः कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. म्हणजे वीजवाहिनीचा प्रश्न वेगळा आणि कोळशाच्या धुळीचा वेगळा. दोन्ही एकत्र कालवले की भांडणही नीट होत नाही आणि उत्तरही मिळत नाही. मोलेचेच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये नवी ४०० केव्हीची (किलोव्होल्टची) वाहिनी जुन्या २२० केव्ही वाहिनीच्या मार्गाने नेण्याचा पर्याय पुढे ठेवला. वीजही हवी आणि रानही हवे असे म्हणणाऱ्या माणसाला हा पर्याय नीट समजून घेता आला पाहिजे. मोलेवरच्या व्याख्यानाच्या दिवशी वाहिनीची गरज सांगणाऱ्यांनाही आम्ही बोलावणार आहोत आणि रानाची बाजू मांडणाऱ्यांनाही.

सर्वांत जास्त प्रश्न मात्र छपरावरच्या सौर पॅनेलचे येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देते, आषाढात मात्र त्याहून बरेच कमी. मंगळुरी कौलांच्या जुन्या घरावर ते बसवायचे कसे? शेजारच्या फणसाची सावली पडली तर काय? आमच्या एका सभासदाने हौसेने पॅनेल बसवले आणि पहिल्याच वादळात वीज गेली तेव्हा त्याचेही दिवे गेले. आपण फसलो असे वाटून तो महिनाभर कुणाशी त्याबद्दल बोलला नाही. खरे तर बॅटरी नसलेला, वीजखात्याच्या तारांना जोडलेला संच वीज गेली की आपोआप बंद व्हावा अशीच त्याची रचना असते. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छपरावरच्या विजेचा धक्का बसेल. एवढे एक वाक्य कुणी आधी सांगितले असते तर त्याचा तो महिना वाचला असता. अशी वाक्ये गावात यावीत म्हणूनच हा खटाटोप.

दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ मध्ये गोव्यात जन्मले. पणजीत २००८ पासून त्यांच्या नावाने विचारमहोत्सव भरतो, म्हणून इतिहासकार कोसंबी आपल्याला माहीत आहेत. पण टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक असताना, सगळा देश अणुऊर्जेच्या स्वप्नात होता त्या काळात, भारतासारख्या उन्हाच्या देशाने सूर्याकडे वळावे असे ते जाहीरपणे सांगत होते. पहिले व्याख्यान त्यांच्यावरच ठेवावे यासाठी बैठकीत काही जण हट्टाला पेटले होते. शेवटी ठरले की आरंभ वीजबिलाने करायचा. प्रत्येकाने आपले बिल घेऊन यायचे आणि त्यातली एकेक ओळ समजून घ्यायची. लोक बिलासाठी येतील आणि मग कोसंबींसाठी थांबतील, असा आम्हाला भरवसा आहे. ते व्याख्यान दुसऱ्या महिन्यात होईल.

एकूण सहा व्याख्याने आहेत. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की सुरुवात करायची. महिन्यातून एक रविवार, दुपारी चार वाजता, वाचनालयाच्या सभागृहात.

खर्च एक लाख रुपये धरला आहे. सर्वांत मोठा वाटा, ४५,००० रुपये, पुस्तिकांचा. प्रत्येक व्याख्यान मराठीत छापून त्याच्या ५०० प्रती शाळा, पंचायती आणि बचतगटांना फुकट द्यायच्या आहेत. व्याख्यान ऐकून माणूस घरी गेला की निम्मे विसरतो, म्हणून या रकमेत काटछाट करायची नाही असे आम्ही ठरवले आहे. वक्त्यांच्या प्रवासाला आणि जेवणाला १८,००० लागतील, ध्वनिक्षेपक आणि प्रोजेक्टरच्या भाड्याला १५,०००. उरलेले २२,००० इन्व्हर्टर आणि बॅटरीसाठी आहेत, म्हणजे वीज गेली तरी सभा मोडणार नाही आणि पुढे परीक्षेच्या दिवसांत मुलांना अभ्यासाला उजेड राहील. सभासदांकडून ३१,००० रुपये जमले आहेत. ६९,००० अजून हवे आहेत.

पन्नास रुपयेही आनंदाने घेऊ आणि त्याचीही पावती देऊ. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लागेल. सौर पॅनेल विकणाऱ्या, वीजवाहिन्यांची कंत्राटे घेणाऱ्या किंवा कोळशाच्या व्यवहारातल्या कुणाकडूनही देणगी घ्यायची नाही, असा ठराव झाला आहे. राजकीय पक्षांकडूनही नाही. त्यामुळे पैसे हळू जमतात, पण वक्त्याला मोकळेपणाने बोलता आले पाहिजे.

पैशांखेरीजही पुष्कळ काही हवे आहे. वीजखात्यातून निवृत्त झालेले कुणी अभियंते किंवा लाइनमन असाल तर जरूर या, तुमच्याइतके हे कुणालाच ठाऊक नाही. इंग्रजी टिपणांचे मराठी करायला कॉलेजातली मुले हवीत. नेट मीटरिंगला, म्हणजे छपरावरची जादा वीज वीजखात्याच्या तारांत सोडून ती बिलातून वळती करून घेण्याच्या पद्धतीला, मराठी शब्द शोधण्यात आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या आणि शेवटी नेट मीटरिंगच ठेवले, तेव्हा भाषेची भीती बाळगू नका. कुणाच्या छपरावर पॅनेल असेल तर एका रविवारी वीसेक जणांना ते पाहू द्या. कुळागरातला (सुपारी-नारळाच्या बागेतला) पंप सौरऊर्जेवर चालवणारे कुणी असतील तर त्यांचा अनुभव आम्हाला हवाच आहे. पठारावरून वक्त्यांना आणायला-सोडायला गाडी मिळाली तर तेवढा खर्च वाचेल.

वाचनालय रोज संध्याकाळी पाच ते आठ उघडे असते. देणगी तिथे रोख द्या किंवा दारावर लावलेल्या क्यूआर कोडवर भरा आणि पावती घ्यायला विसरू नका. पहिल्या सभेला येताना गेल्या तीन महिन्यांची वीजबिले सोबत आणा. पुढच्या रांगेतली एक खुर्ची त्या आजींसाठी राखून ठेवली आहे.

आपली,
वाचनालयाची कार्यकारी समिती