निखिलच्या मुलाखतीची तारीख आली

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही दोघं मजेत आहोत. चिन्मयचा खोकला गेला. फराळाचं पार्सल पोचलं, चकल्या फारशा मोडल्या नाहीत. पत्र लिहायचं कारण एवढंच की हे सगळं फोनवर सलग सांगता येत नाही. चिन्मय शेजारी असतो, आणि आई, निखिलचा विषय निघाला की तुझा आवाज बदलतो, मग मी आज भाजी काय केलीस ते विचारत बसते. मुक्ताला सांगितलंय, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे म्हणून.

तर मे महिन्यात इथून डिपोर्ट केलेल्या निखिलला परत आणायला मी त्याची बायको म्हणून जो व्हिसा मागितलाय, त्याच्या मुलाखतीचं बोलावणं त्याला मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून आलंय. डिसेंबरचा दुसरा आठवडा, बीकेसीत. त्याआधी मुंबईतच त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी. पासपोर्ट ऑफिसचा पोलीस क्लिअरन्सचा दाखला त्याच्या हातात आहे, जन्मदाखला कराड नगरपालिकेचा आहे, लग्नाचं सर्टिफिकेट मी इथून कुरिअर केलंय. बाबा, तुम्ही बरोबर जाणार म्हणालात. जरूर जा. आत त्याला एकट्यालाच सोडतील, फोनही नेता येणार नाही, पण बाहेर आपलं माणूस उभं असलेलं बरं.

आता पुढचं नीट वाचा. त्या दिवशी त्याला नकार मिळणार आहे. अधिकारी त्याला एक कागद देतील, त्यावर कोणत्या कलमांखाली व्हिसा नाकारला ते लिहिलेलं असेल. तो बघून कुणी हातपाय गाळायचे नाहीत. वकीलबाईंनी आम्हाला हे पहिल्याच भेटीत सांगितलंय. तो कागद आल्याशिवाय आमच्या केसमध्ये माफीचा अर्ज करताच येत नाही. म्हणजे नकार मिळाला की आपलं काम पुढे सरकलं असं धरा. कागदाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून लगेच मला पाठवा, रात्र असली तरी.

त्याच्यावर इथे परत यायला दहा-दहा वर्षांच्या दोन बंद्या आहेत. एक कोर्टाने देशाबाहेर पाठवायचा हुकूम दिला म्हणून, दुसरी त्या हुकमानंतर तो वर्षाहून जास्त इथे राहिला म्हणून. दोन्ही एकदमच चालतात, म्हणजे आपण काहीच केलं नाही तर २०३५ साल. चिन्मयला तोवर मिसरूड फुटेल. पण दोन्हींसाठी अर्ज आहे. आय-२१२ म्हणजे परत येण्याची परवानगी मागणारा आणि आय-६०१ म्हणजे माफीचा. तिसरी बंदी पाच वर्षांची, सुनावणीला हजर न राहिल्याची, आणि तिला माफी नाही. तिथे गैरहजेरीला रास्त कारण होतं हे अधिकाऱ्याला पटवावं लागतं. नोटीस गेली ती निखिलने सोडलेल्या खोलीच्या पत्त्यावर. तो तेव्हा दुसऱ्या गावात राहत होता, त्याच्या भाड्याच्या पावत्या फाइलीत लावल्या आहेत. आत्या म्हणते त्याने कोर्टाकडे पाठ फिरवली. तिला सांगा, ज्याला बोलावणं पोचलंच नाही तो पाठ कशी फिरवेल? मात्र अधिकाऱ्याला नाहीच पटलं तर २०३० पर्यंत थांबावं लागेल, हेही तुम्हाला माहीत असू दे.

आईने पुन्हा बेड्यांचं विचारलं होतं. फेब्रुवारीत टीव्हीवर तुम्ही जे पाहिलंत, डिपोर्ट केलेल्या १०४ जणांना बेड्या घालून अमृतसरला उतरलेलं, ते लष्कराचं विमान होतं. त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही तिघे होते. निखिल त्यात नव्हता. तो मे महिन्यात साध्या प्रवासी विमानाने आला आणि मुंबईला स्वतःची बॅग उचलून बाहेर पडला. इथे कोठडीत होता तेव्हाचं तो स्वतःहून सांगेल तेवढंच ऐका, विचारू नका. मीही विचारलेलं नाही.

आणि तो एजंट. बाबा, तुमचा हेतू मला कळतो, पण त्या माणसाला परत घरात घेऊ नका. कॅनडामार्गे असो नाहीतर मेक्सिकोमार्गे, एकदा डिपोर्ट झालेला माणूस चोरून इथे शिरला की दहा वर्षांचा प्रश्न राहतच नाही, बंदी कायमची होते. मग बाहेर पूर्ण दहा वर्षं काढल्याशिवाय परवानगीचा अर्जसुद्धा करता येत नाही, आणि पकडला गेला तर तुरुंग. आज आपल्याकडे काही असेल तर हेच, की पुढचा प्रत्येक कागद खरा आहे. निखिल येईल तो पुढच्या दाराने, पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घेऊन. वेळ लागू दे.

'तूच सगळं गुंडाळून ये' हे तुम्ही दोघंही म्हणता. राग नाही, पण एकदा ऐकून घ्या. त्याला स्पॉन्सर मी करतेय, आणि स्पॉन्सर करणाऱ्याचं घरदार इथे असावं लागतं, पगार सरकारने ठरवलेल्या रकमेच्या वर असावा लागतो. मी सांगलीला येऊन बसले तर अर्जाचा पायाच निघून जातो. मी इथे हौसेने राहिलेली नाही.

सरकार बंद पडल्याच्या बातम्या तिकडेही दाखवतात, म्हणून लिहिते. आमचे अर्ज ज्या खात्याकडे जायचे आहेत ते लोकांनी भरलेल्या फीवर चालतं, त्यामुळे ते चालू आहे. काळजी नको.

आई, एप्रिलमध्ये निखिलला नेलं तेव्हा रोज जेवण कोण आणून देत होतं, हे तू दोनदा विचारलंस आणि माझं सांगायचं राहिलं. आता सविस्तर सांगते, कारण तीच माणसं आमच्या फाइलीत आली आहेत. इथे कुणाच्या घरी आजारपण, बाळंतपण, मयत, काही झालं की शेजारचे लोक इंटरनेटवर एक तक्ता तयार करतात. घरात माणसं किती, काय चालतं, काय चालत नाही, सगळं त्यात लिहितात, आणि ज्याला जो वार जमेल तिथे तो आपलं नाव घालतो. आमच्यासाठी कोपऱ्यावरच्या निवृत्त बाईंनी तक्ता केला. 'बीफ नको, अंडं चालेल, मुलाला तिखट नको' हे त्यांनी न विचारता बरोबर लिहिलं होतं. मग संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास दाराबाहेर ॲल्युमिनियमचा ट्रे येतो. त्यावर कागदी चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने लिहिलेलं की ओव्हनला ३५० डिग्रीवर ४० मिनिटं ठेवा, झाकण शेवटी काढा. आणणारं माणूस बेल वाजवत नाही. आत येत नाही, बसत नाही. मी दार उघडेपर्यंत गाडी निघून गेलेली. पहिले एकदोन दिवस मला वाटलं, पोलीस घरी आलेले पाहून लोक आमच्याकडे यायला बिचकत असतील. आपल्याकडे अशा वेळी माणसं येऊन बसतात, एक शब्द बोलली नाहीत तरी बसतात. मग बाईंनी मला समजावलं. घर पसरलेलं असेल, तुला रडायचं असेल, आणि आम्ही आलो तर तू उठून चहा ठेवशील, म्हणून कुणी येत नाही. बरं, ट्रे परत द्यायचा नसतो. एकीचं काचेचं भांडं होतं, ते रिकामं कसं द्यायचं म्हणून मी शिरा भरून दिलं, तर तिला कळेचना मी उलट तिलाच खाऊ का घालतेय. द्यायचं असतं ते कार्ड. हाताने लिहिलेलं, तिकीट लावून टपालात टाकलेलं, मग ते माणूस दोन घरं सोडून राहत असलं तरी. मी सगळ्यांना लिहिली. चिन्मयने प्रत्येकावर सूर्य काढला.

त्यातल्या काही जणींनी आता निखिलसाठी पत्रं दिली आहेत. तो माणूस कसा होता, हे परवानगीच्या अर्जात धरतात. बाईंनी लिहिलंय की बर्फ पडला की हा आधी त्यांची पायरी मोकळी करायचा, मग आमची. मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं त्याला बर्फ काढायला एवढा वेळ का लागतो.

आता जे लिहायचं म्हणून बसले ते लिहिते. माफीच्या अर्जात निखिलला किती त्रास होतोय हे विचारत नाहीत. चिन्मयचे हालही कायदा थेट मोजत नाही. मोजतात ते माझे, कारण नागरिक असलेली बायको मी आहे. आणि नेहमीचा त्रास चालत नाही, त्यापलीकडचा दाखवावा लागतो, आणि आम्ही तो दोन्ही बाजूंनी दाखवतोय. तो नसताना मी इथे राहिले तर काय होईल आणि मी त्याच्याकडे तिकडे आले तर काय होईल. पहिली बाजू लिहून झाली. त्यासाठी मी एका समुपदेशकाकडे जाते, त्यांचा रिपोर्ट जोडायचा आहे. ऐकून दचकू नका, ते फाइलीला लागतं, आणि गेल्यावर मला बरंही वाटतं. झोप आता पहिल्यापेक्षा लागते.

दुसरी बाजू जड गेली. मी भारतात का राहू शकत नाही, याची कारणं एकाखाली एक लिहिली. चिन्मयची स्पीच थेरपी इथे शाळेतच होते आणि तो आत्ता कुठे पूर्ण वाक्यं बोलायला लागलाय. घराचं कर्ज तिकडच्या पगारात फिटणार नाही. आणि त्यात एक वाक्य असं आहे की माझे आईवडील वयस्कर आहेत, त्यांच्या आधारावर मला राहता येणार नाही. ते वकीलबाईंनी घातलं. मी काढायला लावलं, मग परत ठेवू दिलं, कारण त्याशिवाय ती बाजू लंगडी पडते. बाबा, वरचा मजला तुम्ही आमच्यासाठी काढलात, खिडक्यांना जाळ्या चिन्मयच्या उंचीच्या हिशेबाने लावून घेतल्यात, हे सगळं मला ठाऊक आहे. ते कुठल्याच अर्जात लिहायला जागा नाही. निखिल तुमच्याकडे येतो-जातो, बोलता बोलता हे निघेल, म्हणून माझ्याकडूनच आधी कळलेलं बरं. त्या फाइलीतली मी वाचून तुम्ही मला ओळखणार नाही. मी खरंच ठीक आहे. रोज सकाळी चिन्मय बसला जायच्या आधी निखिलचा फोन येतो, हा वही कॅमेऱ्यासमोर धरतो, इतकी जवळ की त्याला काही दिसत नाही, आणि तरी तो 'ळ छान काढलास' म्हणतो.

मुक्ताच्या स्थळाबद्दल. तुळशीचं लग्न झालं, आता कोल्हापूरकर घाई करणार. तुम्ही त्यांना सांगितलंत की जावई कंपनीच्या कामासाठी आलेत. आई, असं नको. सरळ सांगा, कागदपत्रांच्या कारणाने त्याला डिपोर्ट केलं, हा इथे दिवाणी मामला असतो, त्याच्यावर चोरीमारीचा कसलाही गुन्हा नाही आणि बायको त्याला कायद्याने परत न्यायच्या मागे आहे. लग्नानंतर कळलं तर आयुष्यभर मुक्ताला ऐकून घ्यावं लागेल. एवढ्यावरून त्यांनी पाय मागे घेतला तर मुक्ताशी मी बोलेन. आमच्यामुळे स्थळ गेलं असं तिच्या मनात आलं तर तिने मला बोलावं, तुम्हाला नाही.

कार्यालयाचा अर्धा खर्च माझा, तो शब्द कायम आहे. फक्त एकरकमी जमणार नाही. आय-६०१ ची सरकारी फी १०५० डॉलर आणि आय-२१२ ची ११७५, म्हणजे आपले जवळजवळ दोन लाख नुसते अर्जांचेच. वकीलबाईंचे वेगळे, ते हप्त्याने चालू आहेत. या आठवड्यात एक लाख पाठवते, बाकीचे टॅक्सचा परतावा आला की मार्चमध्ये. तोवर पाटल्या मोडायची भाषा करू नकोस, त्या मुक्ताला द्यायच्या ठरल्या आहेत. बाबा, एफडीही मोडू नका. डोळ्याचं ऑपरेशन लग्नानंतर करू म्हणताय, तेही मला पसंत नाही. आधी ऑपरेशन.

मुहूर्ताचं एक माझं ऐका. पुढच्या वर्षी १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय, म्हणजे १५ जूनपर्यंत लग्न नाहीच. त्याआधीची तारीख धरू नका, त्यानंतरची धरा. चिन्मयची शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुटते, आम्हा दोघांना येता येईल, आणि निखिल तिथे असेलच. त्यांना जूनअखेर चालते का विचारा, पावसाचं बघून घेऊ. आणि अधिकाचं वाण म्हणून निखिलला तेहेतीस अनारसे जरूर दे, जावई एवढा हाताशी तुला कधी मिळाला नव्हता. पण चांदीचं ताट वगैरे काही आणू नकोस, तुला खर्चाचं कळत नाही असं नाही पण तू ऐकत नाहीस. त्याच्या आईंनाही त्या दिवशी कराडहून जेवायला बोलाव, त्या एकट्याच असतात.

सर्वांना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुमची
अश्विनी